मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

आजचा भाग सोलापुरातून, भवानी पेठेतल्या आमच्या घरूनच रेकॉर्ड करतेय. मधूनमधून खटखट ऐकू येईल. शेजारी यंत्रमाग चालू आहेत, आणि त्यांना "जरा थांबा, पॉडकास्ट चाललाय" असं सांगायची माझी काही हिंमत नाही.

तर गोष्ट फेब्रुवारी २०११ ची. मी सहावीत होते. जनगणनेचं काम घेऊन एक शिक्षिका घरी आल्या. नाव, वय, शिक्षण सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, "मातृभाषा?"

अज्जी म्हणाली, "कन्नड." आणि त्याच क्षणी अप्पा म्हणाले, "मराठी लिहा, मॅडम."

बाईंचं पेन थांबलं. अज्जी अप्पांकडे नुसतं बघत राहिली. शेवटी बाईंनीच तोड काढली. प्रत्येकाची नोंद वेगळी असते ना! मग अज्जीच्या नावापुढे कन्नड लागलं आणि बाकी सगळ्यांच्या नावापुढे मराठी. एकाच चुलीवर जेवणारी माणसं, पण कागदावर दोन भाषांची झाली. त्या दिवशी अज्जी अप्पांशी बोलली नाही. कुठल्याच भाषेत!

अप्पांना नेमकी भीती कसली होती, ते मला फार उशिरा कळलं. १९५६ मध्ये भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना झाली. कुठलं गाव कुठल्या राज्यात असावं, या वादात जनगणनेतले भाषेचे आकडे पुढे केले जायचे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला. बेळगाव महाराष्ट्राला द्यायला आयोगाने नकार दिला, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच अहवालात आणखी एक शिफारस होती. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसह २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला द्यावीत. ती अमलात आली नाही. पण माझ्या आईचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. "तुम्ही नक्की कुठले?" हा प्रश्न त्या पिढीनं आयुष्यभर ऐकलाय. म्हणून अप्पांनी पटकन मराठी सांगून टाकलं. उगीच वाद नको!

आता गंमत बघा. संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उंच नंदीध्वज पेलत येतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरणारी कुंभारकन्या आणि त्यांच्या योगदंडाशी लागलेलं तिचं लग्न, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. त्या वेळी ज्या संमती वाचतात, त्या कानडीत असतात. गर्दीतल्या कित्येकांना त्याचा शब्दही कळत नाही, पण अक्षता कधी टाकायच्या ते सगळ्यांना बरोबर कळतं. सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार. संस्कृत बाजूला ठेवून लोकांच्या कन्नडमध्ये देवाधर्माविषयी बोलणाऱ्या शरणांपैकी ते एक. आणि याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या विठ्ठलाला आपल्या ज्ञानेश्वरांनी कानडा म्हटलंय. म्हणजे आमचा ग्रामदेव कन्नडमध्ये बोलला आणि मराठीचं दैवतही कानडा! तूप, अक्का, अण्णा हे शब्दसुद्धा त्याच बाजूने आपल्या घरात आलेत.

पुढे अठराव्या शतकात सोलापुरात रामजोशी झाले. वैदिक घराण्यातला मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून भावाने त्याला घराबाहेर काढलं, असं सांगतात. मग तो पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला. पण फडावर परत आला तेव्हा त्याने पोथीची भाषा आणि रस्त्याची भाषा वेगळी ठेवली नाही. मराठी लावणीत संस्कृत आणलं, कानडी आणि हिंदीही आणली. समोर बसलेल्या माणसाला डोलायला लावायचं असेल, तर त्याच्या कानाला सवयीचं काहीतरी द्यावं लागतं. आजचे रॅपर हेच करतात की!

पण भाषेचं हे काम नेहमी करमणुकीचं नसतं. १९३० चा मे महिना घ्या. गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे शहर पेटलं. ८ मे ला गोळीबार झाला. लोक इतके खवळले की काही दिवस इंग्रजांचा अंमलच इथून उठला. १२ मे पासून मार्शल लॉ लागला. मग चौघांवर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी दिली. यात्रेच्या अगदी तोंडावर. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही नावं एकदा सावकाश म्हणून बघा. एका पंगतीत सहसा न बसणारी चार घरं त्यात ऐकू येतात. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. गझनफर म्हणजे सिंह. वर्तमानपत्र काढणाऱ्या माणसाला सरकार का घाबरतं? कारण वेगवेगळ्या घरातली माणसं तो एका वाक्याभोवती गोळा करू शकतो.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस. द. रा. बेंद्रे. कन्नडचे केवढे मोठे कवी! 'नाकुतंती' म्हणजे 'चार तारा' या संग्रहासाठी त्यांना १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. 'नरबलि' या कवितेपायी इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं. नंतर बरीच वर्षं नोकरीची ओढाताण चालली. ती थांबली आमच्या सोलापुरात. १९४४ ते १९५६ ते इथल्या डीएव्ही, म्हणजे दयानंद कॉलेजमध्ये कन्नडचे प्राध्यापक होते. आणि हे ऐका. बेंद्र्यांच्या घरी मराठी बोलली जायची! त्यांनी मराठीतही लिहिलंय. कन्नड कवितेखाली ते सही करायचे 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. नाव आईचं, कविता मात्र गावाच्या भाषेत.

उलट दिशेनेही लोक आले. तेलंगणातून विणकर इथे मागावर काम करायला आले. त्याच पद्मशाली समाजातले लक्ष्मीनारायण बोल्ली. घरची भाषा तेलुगू, पण आत्मचरित्र मराठीत लिहिलं, 'एका साळियाने'. १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही सोलापुरात. त्यामागे इथले फकरुद्दीन बेन्नूर होते. मराठी आमचीही आहे, हे त्यांना ठासून सांगायचं होतं. आणि असं सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

या सगळ्यांकडे बघून मला एक गोष्ट पटलीय. भाषा घरातून मिळते, हे खरं. पण आपण कोण, हे आपण कोणाशी बोलायचं ठरवतो त्यावरूनही ठरतं. बेंद्र्यांनी ठरवलं, बोल्लींनी ठरवलं. माझ्या बाबतीत ते माझ्या आईनं ठरवलं. शाळेत कोणी हसू नये म्हणून ती माझ्याशी मराठीत बोलली. त्याची किंमत अशी की अज्जीचं कन्नड मला कळायचं, पण उत्तर मराठीतच यायचं. ती म्हणायची "ऊट आयता?", मी म्हणायची "हो, जेवले." गेली चार वर्षं मला तसं विचारणारं कोणी नाही.

आता २०२७ ची जनगणना येतेय. मी नियम शोधून वाचला. जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलत होती ती. ना आडनावाची, ना राज्याची. शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंदही असते.

म्हणून परवा स्वयंपाकघरात आईलाच विचारलं, "मी बाळ असताना माझ्याशी कुठल्या भाषेत बोलायचीस गं?"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बोलायला लागलीस तेव्हापासून मराठी." मग थोडं थांबून म्हणाली, "त्याच्या आधी कन्नड. तेव्हा शाळेची काळजी नव्हती ना."

मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं, ते माझं अजून ठरत नाहीये. पण या वेळी अप्पांनी घाईघाईनं उत्तर दिलं, तर मी त्यांना थांबवणार आहे. आणि कन्नड त्या कागदावर कुठे ना कुठे येणारच.

तुमच्या घरी कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं? आज एकदा नीट कान देऊन ऐका. आजी-आजोबा असतील तर त्यांचा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. माझ्याकडे अज्जीचा एकही व्हॉइस नोट नाही. भेटू पुढच्या भागात!