जॉयस्टिकमधला प्रकाश मागे का पडला?

वर्धा–बल्लारशाह रेल्वेमार्गावर माजरी जंक्शन लागते. तिथून एक फाटा वणी, पिंपळखुटीवरून आदिलाबादकडे जातो. आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणी आहेत, त्यामुळे कुठलेही यंत्र या पट्ट्यात आले की पहिला प्रश्न धुळीचा येतो. व्हिडिओ गेमच्या दांड्याचा, म्हणजे जॉयस्टिकचा इतिहास याच प्रश्नावर तपासून पाहण्याजोगा आहे. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने दिशा ओळखणारी जॉयस्टिक महाग पडली म्हणून मागे राहिली, असे एक उत्तर देता येईल. किंमत हे कारण होतेच, पण माझ्या मते ते दुय्यम. जिथे नुसते हो-नाही पुरत होते, तिथे तिने प्रकाश आणून बसवला, हे तिचे खरे दुखणे.

साध्या जॉयस्टिकमध्ये चार मायक्रोस्विच असतात. दांडा कलला की त्यातला एखादा दाबला जातो, सर्किट पूर्ण होते आणि ‘कट्’ असा आवाज येतो. ऑप्टिकल जॉयस्टिकमध्ये स्विचच्या जागी एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर असतो. दांड्याला जोडलेली पातळ पट्टी मधल्या फटीत शिरते किंवा तिच्यातून सरकते, प्रकाश अडतो किंवा मोकळा होतो, आणि तेवढ्यावरून बोर्डाला दिशा कळते. धातूला धातू लागत नाही, म्हणून झीज नाही, हा तिचा दावा. मात्र मायक्रोस्विचला स्वतःसाठी वीज लागत नाही; इथे पाच व्होल्टचा पुरवठा सतत हवा. तो तुटला की चारही दिशा एकदम जातात.

यावर आक्षेप येईल, की मग ट्रॅकबॉल आणि माउसमध्ये प्रकाश इतकी वर्षे कसा टिकला? अटारीच्या १९७८ च्या ‘फुटबॉल’मध्ये आणि १९८० च्या ‘मिसाइल कमांड’मध्ये ट्रॅकबॉल होता. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचे संगणकवर्ग गावोगावी निघाले, तेव्हाच्या बहुतेक माउसच्या पोटात रबरी गोळा असे. तो गोळा दोन रोलर फिरवी, रोलरवरच्या खाचांच्या चकत्या प्रकाश तोडत आणि तुटलेल्या प्रकाशाचे ठोके मोजले जात. हात किती सरकला हे मोजायचे असेल तर चार स्विच काही कामाचे नाहीत. तिथे प्रकाश उपयोगी पडतो. विल्यम्सच्या १९८३ च्या ‘सिनिस्टार’मधली ४९ स्थानांची जॉयस्टिक याच कारणाने ऑप्टिकल होती: आडवी सात, उभी सात. पण आठ दिशांच्या साध्या खेळाला मोजणी लागत नाही. ‘उजवीकडे आहे की नाही’ एवढे सांगायला स्विच पुरतो. तो बिघडला तर दुकानदार दोन वायरी काढून दुसरा बसवतो.

दुसरा आक्षेप झिजेचा. प्रकाश झिजत नाही हे खरे, पण त्याच्याभोवतीचे प्लास्टिक झिजते. निन्टेंडो ६४ (१९९६) च्या कंट्रोलरमध्ये प्रकाशाने मोजणाऱ्या चकत्या होत्या. तरी तो दांडा सैल पडण्यासाठीच बदनाम झाला. वाटी आणि दांडा घासून पांढरी भुकटी निघे. चकत्या शाबूत, खेळ मात्र बिघडलेला. गोळ्याच्या माउसचेही तसेच: नेम चुकायचा तो रोलरवर चढलेल्या मळाच्या कड्यामुळे, एलईडीमुळे क्वचितच. कोळशाच्या पट्ट्यात तर धूळ फटीत बसली तरी प्रकाश अडतो आणि दिशा अडकल्यासारखी वाटते. स्विचची डबी बरीच बंद असते, ही फट उघडी.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी पाच व्होल्ट मोजावेत. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून एलईडी पाहावा; अनेक कॅमेऱ्यांना इन्फ्रारेड फिकट जांभळा दिसतो. न दिसला तर समोरचा कॅमेरा वापरून पाहावा, कारण काही मागच्या कॅमेऱ्यांना फिल्टर असतो. एलईडी पेटलेला असेल तर फटीत काळ्या कागदाची पट्टी घालून सिग्नलच्या वायरीवरचा व्होल्टेज बदलतो का पाहावे. बदलत नसेल तर कोरड्या ब्रशने फट साफ करावी आणि पुन्हा मोजावे. मोकळ्या जॉयस्टिकवर ऊन पडत असेल तर सावलीत तपासावे, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडने फोटोट्रान्झिस्टर फसतो. एवढे करूनही सिग्नल हलला नाही, तरच फोटोट्रान्झिस्टर बदलावा. जॉयस्टिक बदलून मायक्रोस्विचची लावायचा विचार असेल, तर आधी बोर्ड कुठला सिग्नल मागतो ते पाहावे: ‘सिनिस्टार’च्या बोर्डाला स्विच चालणार नाहीत.