शंख, तरोटा आणि चिनी वैद्यक : नेत्रौषधांच्या नोंदींविषयीं एक विचार

जुन्या घरांतील रुमाल सोडले म्हणजे पुराणें, स्तोत्रें व पंचांगें यांच्या जोडीला वैद्यकाचीं सुटीं पानेंही बहुधा सांपडतात. त्यांस आदि नसतो व अंतही नसतो. म्हणून संग्राहक तीं बाजूस सारतात, किंवा सूचींत ‘नेत्ररोगावर शंख’ अशी त्रोटक नोंद करून मोकळे होतात. अशी नोंद अपुरी तर असतेच, परंतु कित्येकदां ती दिशाभूलही करते. हें एका परदेशीय उदाहरणाच्या साह्यानें दाखविण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

चिनी वैद्यकांत ‘शी-ज्वे-मिंग’ नांवाचें एक प्रसिद्ध औषध आहे. समुद्रांतील खडकांस चिकटून राहणाऱ्या एका प्राण्याचें तें कवच होय. त्याचा आकार कानासारखा, आंतील बाजू मोत्यासारखी चकाकणारी, आणि कडेला छिद्रांची एक ओळ. थाओ हुंगचिंग (इ. स. 456–536) याच्या नांवाशीं जोडल्या जाणाऱ्या द्रव्यसंग्रहांत त्याची गणना झालेली आहे, इ. स. 1596 च्या सुमारास छापून निघालेल्या ली शिजनच्या बृहत् निघंटूंतही तें येतें. चिनी वैद्य त्यास रसानें खारट व वीर्यानें शीत मानतात. नेत्र हें यकृताचें द्वार, असा त्यांचा सिद्धांत आहे. तेव्हां यकृताचा उष्मा शमला कीं दृष्टि निवळते, अशी त्यांची उपपत्ति. कवच कुटून, कधीं भाजून, इतर द्रव्यांच्या आधीं उकळावयाचें व काढा पोटांत द्यावयाचा, ही त्यांची रीति.

आतां आपल्याकडील शंख पाहूं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत अर्जुन नामक नेत्ररोगावर मधासह शंखाचें अंजन आहे. पुढील ग्रंथांतील चंद्रोदया वर्तींत हिरडा, वेखंड, कोष्ठ, पिंपळी, मिरें, बेहड्याचा मगज व मनशीळ यांसह शंखनाभि शेळीच्या दुधांत खलतात. ही वर्ति डोळ्यांत घालावयाची. तिचें मुख्य कार्य लेखन, म्हणजे वाढलेला दोष खरवडून काढणें. पोटांत द्यावयाचा शंख निराळा. तो अम्लद्रवांत शोधून व पुटांत भाजून केलेलें भस्म असून तें अम्लपित्त, शूल इत्यादि विकारांवर योजितात. अर्थात् द्रव्य एक असलें तरी त्याच्या वाटा दोन आहेत. (मनशीळ हें सोमलवर्गांतील विष होय, म्हणून हें सर्व विवेचन इतिहासासाठीं आहे, प्रयोगासाठीं नव्हे.)

‘नेत्ररोगावर शंख’ आणि ‘नेत्ररोगावर सागरी कवच’ हीं दोन टिपणें शेजारीं ठेविलीं म्हणजे एकानें दुसऱ्यापासून घेतलें, असें म्हणण्याचा मोह होतो. या मोहास आधारही थोडा आहे. थांग राजवटींत (इ. स. 618–907) भारतीय नेत्रवैद्यक चीनांत पोंचलें होतें. नागार्जुनाच्या नांवाचा नेत्रग्रंथ तेथें प्रचारांत होता, आणि ल्यू यूशी (772–842) या कवीनें एका ब्राह्मण भिक्षु-नेत्रवैद्यास उद्देशून कविता लिहिली आहे. परंतु कवचाची चिनी नोंद या राजवटीहून शंभरांवर वर्षांनीं जुनी आहे. तेव्हां थांगकालीन देवघेवीस तिचें श्रेय देतां येत नाहीं. शिवाय ते काढा पितात, आपण अंजन घालतों. ते यकृत शमवितात, आपण दोष खरवडतों. नांव व रोग जुळले तरी क्रिया जुळत नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण आमच्या बांधावरच आहे. पावसाळ्यांत माजलगांवच्या शिवारांत तरोटा माजतो. संस्कृत निघंटूंत हाच चक्रमर्द. त्याचें दुसरें नांव दद्रुघ्न, आणि उपयोगही गजकर्णादि त्वग्रोगांवर. याच झाडाचें बीं चीनांत ‘ज्वे-मिंग’ या नांवानें नेत्रौषध ठरलें. त्या नांवाचा आशय दृष्टि निर्मळ करणारें असा. वर सांगितलेल्या कवचाचें नांवही यावरूनच पडलें: ‘शी’ म्हणजे पाषाण, तेव्हां तें ‘पाषाण ज्वे-मिंग’. शंखाच्या बाबतींत रोग एक, पण क्रिया निराळी; तरोट्याच्या बाबतींत झाड एक, पण रोगच निराळा. केवळ द्रव्यनामावरून संबंध जोडणारा दोन्ही ठिकाणीं फसेल.

हा विचार आमच्या प्रांतास परका नाहीं. माजलगांव तालुक्यांतील पुरुषोत्तमपुरी येथील यादव रामचंद्राचा ताम्रपट शके 1232 (इ. स. 1310) चा असून तो म. म. वा. वि. मिराशी यांनीं संपादिला आहे. त्याच यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीनें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. राजसभेंत वैद्यकाचा एवढा आदर होता; त्याच परंपरेचें धुरकट पान आपण मात्र रद्दींत टाकतों. ताम्रपटाचें एक अक्षर झिजलें तरी आपण हळहळतों. वैद्यकाच्या पानांतील ‘नाभि’ हा शब्द सूचींतून गळला तर त्याची खंत कोणास वाटत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, असें पान हातीं आल्यास सूचींत द्रव्याच्या नांवापुढें चार गोष्टी अवश्य नोंदाव्या: द्रव्याचा कोणता भाग घेतला, त्यावर कोणता संस्कार केला, तें डोळ्यांत घातलें कीं पोटांत दिलें, आणि अनुपान व मान काय. एका ओळींत हें सर्व मावतें. ती ओळ नसेल तर उद्यांचा अभ्यासक शंखाला चीनचा म्हणेल किंवा चिनी कवचाला आपलें म्हणेल. आणि त्यास खोडून काढण्यास लागणारें पान तोंवर कसरीनें खाल्लेलें असेल.