मिनी-मेंटल स्टेट परीक्षा: वय, शिक्षण आणि गुण

मिनी-मेंटल स्टेट परीक्षा (संक्षेप: एमएमएसई) ही प्रौढ व्यक्तीची स्मृती, अवधान, भाषा आणि स्थलकालाचे भान थोडक्यात तपासणारी ३० गुणांची चाळणी चाचणी आहे. मार्शल फोलस्टाइन, सुसान फोलस्टाइन आणि पॉल मॅकह्यू या अमेरिकन संशोधकांनी ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. या चाचणीतील गुण वाढत्या वयाबरोबर घटतात आणि शालेय शिक्षणावरही अवलंबून असतात. त्यामुळे केवळ गुणसंख्येवरून स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही.

स्वरूप

काळ व स्थळ यांच्या भानासाठी १० गुण, तीन शब्द ऐकून लगेच म्हणण्यासाठी ३, अवधान व गणनासाठी ५, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवण्यासाठी ३, भाषेसाठी ८ आणि आकृती पाहून काढण्यासाठी १ गुण असतो. गणनाच्या भागात १०० मधून ७ क्रमाने वजा करावयाचे असतात. सामान्यतः २४ पेक्षा कमी गुण मिळाल्यास पुढील तपासणी सुचवली जाते.

वय आणि गुण

१९९३ मध्ये रोझा क्रम व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १८,०५६ प्रौढांचे गुण प्रसिद्ध केले. १८ ते २४ वर्षे वयोगटात गुणांचा मध्यक २९, तर ८० व त्यापुढील वयोगटात २५ होता. वाढत्या वयात विचारप्रक्रियेचा वेग आणि नवी माहिती आठवण्याची क्षमता मंदावते. शब्दसंग्रह मात्र बराच टिकून राहतो. ही तुलना एकाच वेळी तपासलेल्या निरनिराळ्या पिढ्यांची असल्याने सर्व फरक वयामुळेच पडला, असे म्हणता येत नाही. वृद्ध पिढीचे शालेय शिक्षण सरासरीने कमी झालेले असते.

शिक्षणाचा प्रभाव

याच अभ्यासात किमान ९ वर्षे शिकलेल्यांचा मध्यक २९, ५ ते ८ वर्षे शिकलेल्यांचा २६ आणि ४ वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२ आढळला. म्हणजे अल्पशिक्षित व्यक्ती निरोगी असूनही २४ च्या खाली येऊ शकते. उलट, उच्चशिक्षित व्यक्ती आजाराच्या प्रारंभी २८ गुणही मिळवू शकते आणि तिचा आजार नजरेतून सुटतो.

भारतीय रूपांतर

वाचन, लेखन व गणन यांवरील प्रश्न निरक्षर वृद्धांना गैरलागू ठरतात. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील ग्रामीण वृद्धांच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदी रूपांतर प्रसिद्ध केले. त्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगणे आणि लिखित सूचना वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करणे, असे बदल करण्यात आले. अशा बदलांत केवळ भाषांतर पुरेसे नसते. प्रश्न त्या समाजाच्या दैनंदिन व्यवहारातील असावा लागतो.

गुणांचा अर्थ

गुणांची तुलना समान वयाच्या व समान शिक्षणाच्या लोकांशी करणे आवश्यक असते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, नैराश्य किंवा तात्कालिक आजार यांमुळेही गुण घटतात. त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या गुणांशी केलेली तुलना अधिक उपयुक्त ठरते. दैनंदिन कामे करण्याची क्षमता, कुटुंबीयांनी दिलेली माहिती व वैद्यकीय तपासणी यांच्या आधारेच निदान केले जाते.