आकाशातून काय पडले?

२ एप्रिल २०२२ हा दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि संध्याकाळी आम्हाला रमजानचा चाँद पाहायचा होता. नांदेडच्या आमच्या गल्लीत समोरच्यांची गुढी उतरवून झाली होती आणि आम्ही गच्चीवर पश्चिमेकडे डोळे लावून उभे होतो. चंद्रकोर दिसली. एकमेकांना मुबारकबाद दिली. शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्यांचे ताट पाठवले. पावणेआठच्या सुमारास कुणीतरी ओरडले, "अरे, तिकडे बघा!"

उत्तरेच्या आकाशात डावीकडून उजवीकडे जळते निखारे एका ओळीत चालले होते. पुढे मोठा, मागे लहान लहान, आणि प्रत्येकाला शेपूट. आवाज मात्र काहीच नाही. तारा तुटतो तेव्हा "तो बघ" म्हणेपर्यंत संपतो. हे एखादी वरात जावी तसे सावकाश गेले.

थोड्या वेळाने लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिनेही ते पाहिले होते. तिचा पहिला प्रश्न होता, "भाईजान, जमीन तो नै हिली ना?" ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती औसा तालुक्यात होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हापासून वर काही चमको की खाली काही वाजो, ती हेच विचारते. जमीन हलली नाही, एवढे मी सांगितले. पण ते काय होते, हे मला सांगता येईना.

आकाशातून काही पडले की माणूस त्याची गोष्ट रचतो. आमची दादी म्हणायची, तारा तुटतो म्हणजे फरिश्ते सैतानाला निखारा फेकून मारतात. मराठवाड्याला लागूनच असलेल्या लोणारला विष्णूने लोणासुराला मारल्याची कथा सांगतात. तिथले पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर अशनी आदळून बेसॉल्ट खडकात पडलेले आहे, हे शास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले. दोन्ही गोष्टींत पडणारी वस्तू माणसाची नव्हती.

माणसाने वर पाठवलेली वस्तू खाली येते, हे आमच्या पिढीला १९७९ साली कळले. स्कायलॅब ही अमेरिकेची सत्तर टनांहून जड प्रयोगशाळा कोसळणार होती आणि कुठे, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. मी तेव्हा गावी शाळेत होतो. उद्या आपण असू की नसू, म्हणून लोकांनी हात सैल सोडला. आमच्या दादीने अंड्यावरची कोंबडी कापायला लावली. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सकाळी रेडिओने ते सांगितले, तेव्हा दादीला कोंबडीची हळहळ वाटली. तिकडे एस्परन्स नावाच्या गावच्या कारभाऱ्यांनी कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला होता. थट्टाच ती, पण थट्टेत एक सवाल होता : हा कचरा कुणाचा?

त्याच्या आदल्याच वर्षी तो सवाल गंभीरपणे विचारला गेला होता. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला. बर्फाळ प्रदेशात किरणोत्सारी तुकडे विखुरले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याने वस्तू वर पाठवली त्याने जमिनीवरचे नुकसान भरून द्यायचे असते. कॅनडाने साठ लाखांहून अधिक डॉलर मागितले आणि शेवटी तीस लाख मिळवले. भारत आणि चीन दोघेही या कराराला बांधील आहेत.

चीनचे नाव घेतले, कारण त्या पाडव्याच्या रात्रीचे निखारे त्यांचेच होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे पडले. आसपास धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. उपग्रह सोडून झाला की असा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहतो. विरळ हवेच्या घर्षणाने खाली खाली येतो आणि एके दिवशी सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने दाट हवेत शिरतो. उल्का याहून वेगाने येते, म्हणून ती क्षणात विझते. रॉकेट मात्र मिनिटभर जळत, तुटत जाते. त्यातले बरेचसे वरच जळते. जाड कडी आणि इंधनव्यवस्थेतले गोळे मात्र जमिनीपर्यंत पोहोचतात.

बातम्या वाचून मी बहिणीला फोन केला. म्हटले, "आसमानी काही नव्हते. रॉकेटचा तुकडा होता." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किसका था?"

मला फार बरे वाटले. किल्लारीच्या भूकंपाला आपण जाब विचारू शकलो नाही. तो विचारायचा कुणाला? पण जे माणसाने वर पाठवले, त्याचा जाब लाडबोरीतला माणूसही विचारू शकतो. आता आकाशात काही जळताना दिसले, तर घाबरून घ्या थोडे. पण मग तेवढा एक प्रश्न जरूर विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)