ट्रॅक्टर खरेदी : डिझेलचा हिशेब एकरावर करा

ट्रॅक्टरचा डिझेल वापर साधारणपणे लिटर प्रति तासात सांगितला जातो. मात्र जास्त अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला जास्त डिझेल घेत असला, तरी काम लवकर उरकतो. त्यामुळे तुलना लिटर प्रति एकर या मापाने करावी.

शेतावर चाचणी : टाकी काठोकाठ भरा. एक एकर रोटाव्हेटर मारा. त्याच सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून मापाने पुन्हा काठोकाठ डिझेल भरा; जितके लागले तितका वापर. दोन्ही ट्रॅक्टरसाठी जमीन, ओल, अवजार व खोली सारखीच ठेवा.

चाचणी अहवाल : बुदनी (मध्य प्रदेश) येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. त्यात पीटीओ शक्ती व विशिष्ट इंधन वापर (ग्रॅम प्रति किलोवॅट तास) पाहा. हा आकडा जितका कमी, तितके इंजिन काटकसरी.

उदाहरण : समजा, एका ट्रॅक्टरला एकरी ५ लिटर, तर १ लाख रुपयांनी महाग असलेल्या दुसऱ्याला ४ लिटर डिझेल लागते. डिझेल ९० रुपये लिटर धरू.

- भाड्याच्या कामासह वर्षाला ३०० एकर : बचत २७,००० रुपये, जादा किंमत सुमारे ४ वर्षांत वसूल.
- फक्त घरचे ३० एकर काम : बचत २,७०० रुपये, वसुलीला ३७ वर्षे.

दुसऱ्या स्थितीत केवळ डिझेल बचतीसाठी जादा कर्ज काढू नये. भाड्याने मशागत करून घेण्याचा खर्च आणि कर्जाचा वार्षिक हप्ता यांची तुलना करूनच खरेदीचा निर्णय घ्यावा.