संवत्सरीची तिथि

पैठण म्हटलें कीं श्रोत्यांस एकनाथमहाराज आठवतात, गोदावरीचा घाट आठवतो. परंतु श्वेतांबर जैनांच्या सर्वांत मोठ्या पर्वाची तिथि याच गांवीं बदलली, असें त्यांची परंपरा सांगते. ही गोष्ट महाराष्ट्रांत फारच थोड्यांस ठाऊक असते.

चातुर्मासांत जैन साधूंचा विहार थांबतो व ते एका गांवीं मुक्काम करतात. त्या मुक्कामांत पर्युषणाचे आठ दिवस येतात. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशीं प्रतिक्रमण करून वर्षभरांतील दोषांची कबुली द्यावयाची, आणि ज्याचें मन दुखविलें असेल त्याची क्षमा मागावयाची. हा दिवस पूर्वीं भाद्रपद शुद्ध पंचमीचा होता. पुढें कालकाचार्य प्रतिष्ठानास, म्हणजे आजच्या पैठणास, आले. तेथील सातवाहन राजास पर्व पाळण्याची इच्छा होती. पण पंचमीसच नगरांत इंद्राचा उत्सव असे, व राजास त्यांत हजर राहणें भाग होतें. पर्व षष्ठीस करावें, अशी त्यानें विनंति केली. आचार्यांनीं ती मानली नाहीं. पंचमीची रात्र उलटूं देतां येत नाहीं, अलीकडचा दिवस मात्र चालेल, असें सांगून त्यांनीं चतुर्थी नेमून दिली. राजाची अडचण दूर झाली व शास्त्राची मर्यादाहि राहिली.

कथेंत इतिहास किती, हा वाद विद्वानांचा आहे. कालक नांवाचे एकाहून अधिक आचार्य होऊन गेले असेंहि कित्येक मानतात. पंचांगांत मात्र तिची खूण उरली आहे. मूर्तिपूजक श्वेतांबर बहुतेक चतुर्थीस संवत्सरी पाळतात, स्थानकवासी पंचमीस. दिगंबरांचें दशलक्षण पर्व पंचमीस सुरू होऊन अनंत चतुर्दशीस पुरें होतें. सांगली-कोल्हापूरकडील मराठी बोलणाऱ्या जैन शेतकऱ्यांच्या घरीं हेंच पर्व पाळतात.

पैठणच्या कथेंत पर्व राजासाठीं सरकलें. पुढें मोगलांच्या अमलांत राजाज्ञाच पर्वासाठीं निघूं लागली. १५८३ सालीं हीरविजयसूरि अकबराच्या भेटीस फत्तेपूर सिक्रीस गेले, आणि पर्युषणाच्या सुमारास बारा दिवस प्राणिवध बंद ठेवण्याचें फर्मान निघालें. आठ दिवस पर्वाचे व चार बादशहानें आपल्याकडून वाढविलेले, असें जैन ग्रंथकार सांगतात. जहांगीराच्या कारकीर्दींतील अशाच फर्मानाचा प्रसंग आग्र्याच्या संघानें १६१० सालीं विजयसेनसूरींस धाडलेल्या विज्ञप्तिपत्रांत चितारलेला आहे. चित्रकाराचें नांव, योगायोगानें, शालिवाहन!

बादशहा गेले, पण प्रश्न राहिला. अहमदाबादेंत पर्युषणाचे नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा नगरपालिकेचा ठराव गुजरात उच्च न्यायालयानें रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं तो वैध ठरविला. त्या निकालांत अकबराचा उल्लेख आदरानें आलेला आहे. उलट २०१५ सालीं मुंबईंतील मांसविक्रीच्या बंदीस मुंबई उच्च न्यायालयानें स्थगिति दिली. ज्याचें पोट खाटकाच्या दुकानावर चालतें, त्याची बाजू अकबराच्या दरबारांत कोणी मांडली होती काय, हें फर्मानांवरून समजत नाहीं. न्यायालयांत ती मांडली गेली, हें योग्यच झालें. क्षमा मागण्याच्या दिवसांत शेजाऱ्याशीं कज्जा करावा लागणें हें त्या पर्वास शोभणारें नव्हे.

पर्वाची खरी कसोटी घरांत व कचेरींत लागते. चोविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तानंतर पाणीहि वर्ज्य. भाद्रपदांत मुंबईस सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो, आणि त्या वेळीं उपनगरांत राहणारा कारकून बहुधा आगगाडींत उभा असतो. म्हणून कोणी कचेरींतच डबा उघडतो, तर कोणी सरळ उपवास करतो. क्षमापनेचीं पत्रें पूर्वीं हातानें लिहीत, मग छापील कार्डें निघालीं. आतां एका बोटासरशी शेंकडों भ्रमणध्वनींवर ‘मिच्छामि दुक्कडं’ जातें. ज्याच्याशीं खरोखर भांडण झालें त्याचें नांव त्या यादींत असतें कीं नाहीं, हें पाठविणाराच जाणे.

संवत्सरीचें प्रतिक्रमण सुमारें तीन तास चालतें व त्यास सवड लागते. महाराष्ट्रांत गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी असते. चतुर्थी पाळणाऱ्या कारकुनास ती बहुधा आयतीच मिळते. पंचमी पाळणाऱ्या त्याच्या स्थानकवासी शेजाऱ्यास मात्र दुसरे दिवशीं रजेचा अर्ज करावा लागतो.