तांबोरा, पावसाळा आणि मोडशी

ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल लाव्हारस येतो. पण वाचकहो, लाव्हारसाने मारलेली माणसे इतिहासात फार थोडी आहेत. तप्त राखेचे लोंढे, त्सुनामी आणि मागाहून येणारी उपासमार व रोगराई यांनी त्याहून कितीतरी अधिक बळी घेतले. अशाच एका स्फोटाची हकीकत येथे मांडतो. तिचा एक धागा ग्वाल्हेरपर्यंत येतो.

इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा तांबोरा ५ एप्रिल १८१५ रोजी गर्जू लागला. दूर जावा बेटावर तो आवाज तोफांचा वाटला आणि योग्यकर्ताहून शिपाई रवाना झाले. १० एप्रिलच्या रात्री मुख्य स्फोट झाला. सुमारे ४,३०० मीटर उंचीचा पर्वत २,८५० मीटरवर आला आणि माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचे विवर उरले. तप्त राखेच्या लोंढ्यांनी जागच्या जागी दहा हजारांवर माणसे मारली. पण सुंबावा व शेजारच्या लोंबोक बेटावरील एकूण मृतांचा अंदाज सत्तर हजारांच्या पुढे जातो. बाकीचे मेले ते पिके राखेखाली गेली आणि पाणी नासले म्हणून. जावाचा कारभारी रॅफल्स याने तांदूळ देऊन ओवेन फिलिप्स या अधिकाऱ्याला पाठवले, तेव्हा सांगरच्या राजाची एक मुलगीही भुकेने गेल्याचे त्याला कळले. जेथे राजकन्या उपाशी मेली, तेथे रयतेचे काय झाले असेल?

राख काही आठवड्यांत खाली बसते. गंधकाचा वायू मात्र वातावरणाच्या वरच्या थरात जाऊन त्याचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते एक-दोन वर्षे सूर्यप्रकाश अडवतात. १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही. जूनमध्ये न्यू इंग्लंडात बर्फ पडले. जमीन पुरेशी तापली नाही की मोसमी पाऊसही बिघडतो. बंगालच्या वैद्यक मंडळासाठी जेम्स जेमसनने १८२० साली लिहिलेल्या अहवालात त्या वर्षांतील विचित्र हवामानाची नोंद सापडते.

त्याच बंगालात ऑगस्ट १८१७ मध्ये जेसोर येथे पटकीची साथ उसळली. नोव्हेंबरात ती बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. हे सैन्य पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तासाठी निघाले होते आणि दौलतराव शिंद्यांवर त्याचा दाब होता. ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरचा तह झाला. त्याच दिवशी खडकीला पेशव्यांची लढाई झाली. छावणीत माणसे पटापट मरू लागली, तेव्हा तळ हलवून बेतवाकाठी एरचला नेला आणि साथ ओसरली. युद्धाचा निकाल त्याने बदलला नाही. १८१८ साली साथ मुंबईलाही पोहोचली आणि पुढे भारताबाहेर गेली.

मग तांबोराने पटकी आणली असे म्हणावे काय? गिलन डार्सी वुड या अभ्यासकाने हा संबंध जोरकसपणे मांडला आहे. डॉक्टर म्हणून मी एवढेच म्हणेन की एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. हा रोग आपल्याकडे जुनाच. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे, आणि पोर्तुगिजांनी त्याला दिलेले नाव आपल्या 'मोडशी' शब्दावरूनच घेतलेले आहे. आपल्या तत्त्वविचारात उपादान आणि निमित्त असा भेद करतात. रोगाचे उपादान बंगालच्या पाण्यात होते, ते पसरवायला सैन्याची व व्यापाराची वर्दळ होती. बिघडलेला पावसाळा हे फार तर निमित्त. तांबोराचा वाटा असलाच तर तो त्या पावसाळ्यापुरता.

तांबोरा हा महाज्वालामुखी नव्हे. एक हजार घन किलोमीटरहून अधिक द्रव्य ओकणाऱ्याला ती संज्ञा देतात. तांबोराने सुमारे दीडशे ओकले. सुमात्रातील टोबाने ७४ हजार वर्षांपूर्वी सुमारे २,८०० ओकले. त्याची राख मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आणि आंध्रात ज्वालापुरम येथे आजही सापडते. असे स्फोट हजारो वर्षांतून एखादे. तांबोरासारखे त्याहून पुष्कळच वारंवार होतात.

१९९१ साली फिलिपाइन्समधील पिनातुबोने पूर्वसूचना दिली, शास्त्रज्ञांनी ती ओळखली आणि हजारो लोक वेळीच हलवले गेले. तरी पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून शेकडो दगावले, आणि पुढे निर्वासितांच्या छावण्यांत गोवर व अतिसाराने बालके गेली. तेव्हा दूरच्या बेटावर पर्वत फुटल्याची बातमी वाचाल, तर लाव्हारस किती वाहिला याआधी गंधक किती वर गेला ते पाहा. आपल्यापर्यंत तो पर्वत पोहोचलाच तर पावसाळ्याच्या वाटेने पोहोचेल. त्या वर्षी कोठारात धान्य आणि विहिरीत स्वच्छ पाणी असणे, हाच आपला बचाव.